पालथी रांग

ताईने पिशवीतून बॅटरी पॅक काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला तेव्हा सगळ्यांची जेवणं होत आली होती. आधी काढला असता तर कुणाच्या घशाखाली घास उतरला नसता आणि आईची सकाळपासूनची खटपट वाया गेली असती, एवढा विचार तिने केला होता. एरवी ताई विचार करून बोलणाऱ्यांतली नव्हे.

"हा आपला आहे," ती म्हणाली.

ते सांगायची गरज नव्हती. पॅकच्या कडेला निळं सील होतं, आणि ते धाकट्या सुनेच्या हातचं होतं. एका बाजूने किंचित तिरकं लावायची तिची सवय घरात सगळ्यांना माहीत होती.

"सकाळी गाडी ताब्यात घेतली, मशीन तपासलं," ताई सांगू लागली. ती अँब्युलन्सवर नर्स होती. "चारही दिवे हिरवे. म्हटलं, एकदा झटक्यासाठी चार्ज करून बघू. बटण दाबलं आणि बॅटरीने मान टाकली. पुन्हा दाबलं तर मशीनच बंद."

"पेशंट होता?" थोरल्याने विचारलं.

"नव्हता. असता तर मी इथे जेवत बसले असते का दादा?"

धाकट्याने ताटातला घास उगाच दोन्ही बाजूंनी फिरवला. त्याच्या बायकोने, जिला सासर-माहेरचे सगळे धाकटीच म्हणत, पॅक उचलून सील पाहिलं आणि पुन्हा ठेवला. तिघा भावंडांचे वडील, अप्पा, टेबलाच्या टोकाला बसले होते. त्यांनी पॅककडे पाहिलं आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला.

आज सगळ्यांना जेवायला अप्पांनीच बोलावलं होतं. गोदामाची वाटणी झाल्यापासून थोरला या घरी जेवायला आला नव्हता, आणि त्याची बायको तर आजही आली नव्हती. निरोप असा होता की वर्कशॉपची किल्ली अप्पा आज देऊन टाकणार. कुणाला, ते निरोपात नव्हतं. पण ती मुलांपैकी कुणाला न जाता धाकटीला जाणार, हे न सांगता सगळ्यांना कळलं होतं, आणि थोरला नेमका त्यासाठीच आला होता. आपला हक्क डावलला जाताना माणसाने निदान समोर तरी असावं, असं त्याचं म्हणणं.

वर्कशॉप खालीच होतं. बंद पडू पाहणाऱ्या हृदयाला झटका देणारी जी छोटी, हातात धरून नेण्याजोगी मशिनं असतात, त्यांच्या जुन्या बॅटऱ्या तिथे पुन्हा उभ्या केल्या जात. मोठी इस्पितळं नवं मशीन घेतात, नवी बॅटरी घेतात. पण लहान दवाखाने, शाळा, तरणतलाव, कारखान्यांची फाटकं यांच्याकडे दहा-बारा वर्षांची मशिनं असतात. मशीन ठणठणीत, पण त्याची बॅटरी बनवणं कंपनीने कधीच सोडून दिलेलं. अशांसाठी अप्पा जुनं कवच उघडत, आत नवे सेल वेल्डिंग करून बसवत आणि पुन्हा बंद करत. "कवच जुनं असेल, जीव नवा आहे," असं ते गिऱ्हाइकाला सांगत, आणि त्यात खोट नव्हती.

कारण एक फळी होती. बंद केलेला प्रत्येक पॅक पूर्ण चार्ज होऊन त्या फळीवर काही दिवस नुसता पडून राहायचा. दुबळा असेल तर पडल्या पडल्या उतरायचा. मग अप्पा त्याला एकदम मोठा लोड लावायचे, मशीन झटक्याआधी ओढतं तेवढा. पास झाला तर पॅक फळीवर उभा. नापास झाला तर पालथा, तोंड खाली करून. लाल खूण नाही, चिठ्ठी नाही. ही रीत अप्पांच्या वडिलांच्या रेडिओच्या दुकानातून आली होती. तिथेही ज्या रेडिओत राम उरलेला नसे तो तोंडावर पाडून ठेवत. थोरल्याने एकदा पदरचे पैसे घालून लाल-हिरवी स्टिकरं छापून आणली होती. "डोळे फुटलेत का कुणाचे?" एवढंच अप्पा म्हणाले होते. स्टिकरं अजून वर्कशॉपच्या कपाटात होती.

"चला खाली," थोरला हात धुऊन म्हणाला. "फळी बघू."

आई सोडून सगळे जिना उतरले.

थोरल्याने दिवा लावला आणि तो फळीसमोर उभा राहिला. पॅक ओळीने उभे होते. सगळे उभे होते. खिडकीकडच्या बाजूला, जिथे पालथी रांग असायची, तिथे नुसती फळी होती.

त्या क्षणी थोरल्याला आनंद झाला. तो स्वभावाने वाईट नव्हता. विम्याच्या कचेरीत दिवसभर दुसऱ्यांची नुकसानं मोजून संध्याकाळी घरी जाणारा साधा माणूस होता. पण खूण नसलेली ही रीत एक दिवस घात करेल, हे इतकी वर्षं तो सांगत आला ते खरं ठरलं होतं, आणि त्याचा आनंद त्याला झाला. पाठोपाठ त्याची लाजही वाटली, पण दोन्हींत आनंद आधी आला.

"नापास कुठे आहेत?" त्याने विचारलं.

धाकटी फळीच्या रिकाम्या टोकाकडे बघत राहिली.

"मी विचारतोय काहीतरी. फळीवरून खोक्यात कोण भरतं?"

"मी भरते."

"मग नापास पॅक चालत चालत गेला का खोक्यात?"

"दादा, जरा हळू," धाकटा म्हणाला.

"तू गाडी चालव. तुला काय, कुणी दिलं की नेऊन टाकायचं. ताई, तूच सांग. त्या मशीनखाली आज माणूस असता तर?"

ताईची आणि धाकटीची गट्टी होती. गोदामाच्या भांडणात दोघी एका बाजूला होत्या. पण सकाळचा तो मशीनचा बंद पडलेला पडदा ताईच्या डोळ्यांसमोरून जात नव्हता. "दादाचं चुकत नाहीये," ती म्हणाली. "मला कळायला हवं, हा इथून बाहेर गेला कसा."

धाकटीने अप्पांकडे पाहिलं. ते आपल्या स्टुलावर बसून चष्म्याची काच शर्टाला पुसत होते. दोन्ही काचा झाल्या, पुन्हा पहिली. या घरात ती आली तेव्हा कुणाला तिचं काय करावं कळत नव्हतं. बोलकी नाही, स्वयंपाकात बेताची. अप्पांनी तिला खाली आणलं, हातात वेल्डिंगची पिन दिली आणि दिवसभर शेजारी उभं राहून तिच्याकडून निकेलच्या पट्ट्या जोडून घेतल्या. पहिले सगळे पॅक पालथे ठेवले. ज्या दिवशी एक उभा ठेवला त्या दिवशी ती जेवताना हसली होती, आणि का हसली ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"माझ्याकडून झालं," ती म्हणाली. "परवा फळी पुसायला घेतली होती. पुसून ठेवताना पालथे होते ते सरळ ठेवले गेले असतील."

"असतील?"

"ठेवले. एकच खोकं गेलंय त्यानंतर. त्यातलाच हा."

थोरल्याने श्वास सोडला. "झालं तर. एक खोकं मागवून घ्या. आणि अप्पा, किल्लीचं आज काही बोलू नका. मी मागत नाही. पण हिला द्यायची तर मला विचार करावा लागेल."

सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं. या माणसाने आयुष्यात कुणाची चूक पोटात घातली नव्हती. एका कच्च्या वेल्डिंगसाठी त्यांनी थोरल्याला, मिसरूड फुटायच्या वयात, "उद्यापासून खाली यायचं नाही," असं सांगितलं होतं, आणि तो खरोखरच आला नव्हता. विम्याची कचेरी ही त्याची दुसरी पसंती होती, हे तो सोडून सगळे बोलून दाखवत.

अप्पांनी चष्मा लावला. "होतं," ते म्हणाले. "चूक काय, कुणाकडूनही होते."

थोरला त्यांच्याकडे बघतच राहिला. मग एकटाच जिना चढून गेला.

वर स्वयंपाकघरात आईने भांडी घासायला घेतली होती. खालचं सगळं बोलणं तिला जिन्यातून ऐकू आलं होतं. अप्पांचं शेवटचं वाक्यही आलं, आणि तिच्या हातातला कप बेसिनमध्ये निसटला. फुटला नाही.

तिने तो धुतला, फडक्यावर पालथा घातला. धुतलेले कप या घरात पालथेच घालायचे, कुठल्याही घरात घालतात तसे. पण गेले कित्येक महिने आई कप पालथे घालून अंघोळीला जायची आणि येऊन बघायची तर ते सरळ असायचे. पेले सरळ. बादली सरळ. एकदा तर बागेत पालथ्या ठेवलेल्या रिकाम्या कुंड्या सगळ्या उभ्या करून ठेवल्या होत्या आणि त्यांत पाणी साचलं होतं. पहिल्यांदा ती रागावली. नंतर एका सकाळी अप्पांनी तिला तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारली, तेव्हापासून रागावणं बंद केलं. ती गुपचूप सगळं पुन्हा पालथं घालू लागली. झाकली मूठ सव्वा लाखाची. घरातल्या घरात आहे, कुणाचं काय जातंय, असं तिने स्वतःला समजावलं होतं. खालच्या फळीपर्यंत तिचं मन गेलंच नव्हतं. जाऊ दिलं नव्हतं, असंही म्हणता येईल.

धाकटी चहा टाकायला आली.

"खोटं का बोललीस?" आईने मागे न बघता विचारलं.

धाकटीने पातेलं गॅसवर ठेवलं. "तुम्हाला कधीपासून माहीत आहे, आई?"

"मी विचारलं ते सांग."

"मग काय म्हणू? सगळ्यांसमोर त्यांचं नाव घेऊ? दादा टपूनच बसलेत. उद्या कुलूप लावतील, अप्पांना खाली पाऊल टाकू देणार नाहीत. आठवडाभरात अंथरूण धरतील ते."

आई हात पुसत वळली. ही मुलगी आपल्यापेक्षा आपल्या नवऱ्याला जास्त ओळखते की काय, असं तिला क्षणभर वाटलं, आणि ते आवडलं नाही.

"तू पाहिलंस त्यांना? फळीपाशी?"

"पाहिलं नाही. पण पालथी रांग कमी कमी होत चालली होती. मला वाटलं, नवे सेल चांगले यायला लागले. खूशही झाले मी." धाकटीने पातेल्यात चहाची पूड टाकली. "आज फळी बघितली तेव्हा कळलं."

"कमी होत होती म्हणजे? कधीपासून?"

धाकटीने साखरेचा डबा उघडला.

"अगं, बोल की. तोंडात मिठाची गुळणी धरलीयेस का? म्हणजे ते एकच खोकं नाही."

"नाही."

"मग बाकीची कुठे आहेत?"

"गेलीत. ठिकठिकाणी. मी मागवून घेईन ना आई. एकेक करून. काहीतरी निमित्त सांगून. महिनाभरात सगळी परत येतील, कुणाला कळणारही नाही."

"आणि तोवर?"

चहाला उकळी आली. धाकटीने गॅस कमी केला.

आईने चहा गाळून किटलीत भरला. मग तिने मांडणीवरून चांगले कप काढले, पाहुण्यांचे, आणि ट्रेमध्ये सगळे पालथे मांडले.

"आई, हे काय करताय?"

"तू बिस्किटं आण," आई म्हणाली. तिला अतिशय वाईट वाटत होतं.

टेबलाभोवती सगळे जमले होते. थोरला खिडकीशी उभा राहून समोरच्या टायरच्या दुकानाकडे बघत होता. धाकटा त्या एका खोक्यातले पॅक कुठे कुठे पोहोचवले ते ताईला सांगत होता, आणि ती फोनवर नंबर शोधत होती. आईने प्रत्येकापुढे एक कप पालथा ठेवला. किटली मधोमध ठेवली. आणि बसली.

"चहा कपावर ओतायचा का?" थोरल्याने विचारलं.

"जरा गप्प बस. बघ."

"काय बघू?"

अप्पांनी आपल्यापुढचा कप उचलला, उजेडात धरून फिरवला आणि सरळ ठेवला. मग हात लांब करून ताईच्या पुढचा घेतला. तोही पाहिला, सरळ केला. मग धाकट्याचा, धाकटीचा, आईचा. घाई नव्हती. हातांची जुनी सफाई होती, फळीसमोर असायची तीच. कड चाचपणं, बूड बघणं, कानाशी नेऊन टिचकी मारणं.

"कुणी पालथे घातले हे?" ते पुटपुटले. "चांगले आहेत की. टवका नाही, चीर नाही. उगाच कुणाला तरी नापास करून ठेवायचं."

ताईचा अंगठा फोनवर तसाच थांबला. रोज माणसांची शुद्ध तपासणाऱ्या त्या बाईला घरातलं हे दिसलं नव्हतं.

"राहिला तो आण रे इकडे," अप्पा थोरल्याला म्हणाले.

थोरल्याने टेबलाशी येऊन आपल्या जागेवरचा कप उचलला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पाहिला आणि सरळ ठेवला.

"अप्पा," थोरला म्हणाला. "मी केलेला तो पॅक. तुम्ही पालथा ठेवला होतात. ज्याच्यावरून मला खाली यायला बंदी केलीत."

"कुठला?"

"जाऊ दे."

"तू केलेला ना?" अप्पांनी थोडा विचार केला. "मग चांगलाच असेल."

हे ऐकायला थोरल्याने अर्धं आयुष्य घालवलं होतं. आता ते आलं होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. तो खुर्चीवर बसला आणि दोन्ही हातांनी त्याने तोंड झाकून घेतलं.

"कित्येक महिने चाललंय," आई म्हणाली. ती सगळ्यांना सांगत होती, पण बघत होती टेबलाकडे. "मी मागून जाऊन पालथे घालत होते, म्हणजे तुम्हाला कळू नये. हिने खोटं सांगितलं. एक खोकं नाही. पालथी रांग कधीची कमी होतेय. इतक्या महिन्यांत इथून जे जे गेलं ते सगळं परत आणा. आत्ता."

"आई, तू आधी का नाही..." ताईने सुरुवात केली.

"मला नंतर बोल. हवं तेवढं बोल. आधी फोन कर."

ताईने फोन उचलला. धाकटा उठून उभा राहिला आणि डोळे मिटून आपल्या गाडीच्या फेऱ्या आठवू लागला. कुठल्या वळणावर कुठला दवाखाना, कुठल्या शाळेचा शिपाई सही करतो, सगळं त्याला तोंडपाठ होतं. गाडी चालवणाऱ्याला काय कळतं, हा प्रश्न त्या दुपारनंतर या घरात कुणी विचारला नाही. नंबर निघत गेले तसे तिघे वाटून घेऊन बोलू लागले.

थोरला सगळ्यांत चांगलं बोलला. विम्याच्या कचेरीत पहिल्या दिवशी शिकवतात की फोनवर काहीही कबूल करावं, चूक सोडून. तो प्रत्येक ठिकाणी नेमकी चूकच कबूल करत होता. "आमची चूक आहे. निळ्या सीलची बॅटरी काढून ठेवा. दिवे हिरवे दिसले तरी काढा. तुमची जुनी असेल तर ती लावा, नाहीतर जवळच्या दुसऱ्या मशीनची सोय बघा. आम्ही आजच येतोय." एका डॉक्टरने त्याला बरंच सुनावलं. त्याने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाला, "हो. आमची चूक आहे."

धाकटी त्याच्याकडे बघत होती. लग्न होऊन आल्यापासून तिला हा माणूस कधी आवडला नव्हता, आणि आता तिला तो आवडला.

तरणतलावावर फोन कुणी उचलेना. सुट्टीचा दिवस, पोरांची गर्दी असणार. धाकट्याने तीनदा लावून पाहिला, मग गाडीची किल्ली घेऊन निघून गेला. त्यानंतरचा वेळ कुणालाच संपेसा वाटेना. चहा किटलीत निवत होता. अप्पांनी एक बिस्कीट खाल्लं. ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, आणि फोनवरचे तेच तेच शब्द त्यांच्या कानावर पडत होते. निळं सील. काढून ठेवा. आमची चूक.

"पालथी रांग रिकामी आहे?" त्यांनी एकाएकी धाकटीला विचारलं. आवाज जुना होता, वर्कशॉपमधला.

"हो, अप्पा."

"सगळे पास?"

"हो."

"असं कधी होतं का?"

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते बघून अप्पांना जे कळायचं ते कळलं. त्यांचा चेहरा फारसा बदलला नाही. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली, कुणाच्याच पुढे नाही, मधोमध.

ताईचा फोन वाजला. धाकटा होता. "काढला," ती ऐकून म्हणाली. "तलावावरचा काढला त्याने. हातात आहे." तिने डोळे पुसले. "शेवटचा होता."

थोरल्याने किल्ली उचलली. क्षणभर ती त्याच्या मुठीत राहिली, तेवढं त्याला माफ करायला हवं. मग त्याने ती धाकटीपुढे सरकवली.

"स्टिकरं कपाटात आहेत," तो म्हणाला. "लाव म्हणजे झालं. आणि एकटीने खाली बसू नकोस. अप्पांनाही शेजारी बसव."

"तुम्ही याल?" धाकटीने विचारलं.

"रविवारी येईन."

अप्पांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी आपल्यापुढचा कप पुन्हा उचलला होता. ते त्याची कड चाचपत होते, नेहमीसारखी, सावकाश. टिचकी मारली आणि ऐकलं. मग त्यांनी तो कप उलटा केला आणि स्वतःपुढे पालथा ठेवला. हात मांडीवर घेऊन ते शांत बसले.

थोरला बघत राहिला. ताई बघत राहिली. त्या कपाला हात लावायची कुणाची छाती होईना.

आई उठली. इतके महिने तिने या माणसाच्या मागे फिरून सरळ कप पालथे घातले होते. तिने तो कप उचलला, सरळ केला आणि त्यात चहा ओतला.

"निवलाय," ती म्हणाली. "पण घ्या."